बाळंतिणीच्या खोलीत

"पाव्हणं, तुम्ही तिथंच थांबा," सासू म्हणाली आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. यमुना, माझी बायको, पोटावरच्या टाक्यांना हात लावून माझ्या पुढून हळूहळू आत गेली होती. तिच्या छातीशी, गाऊनच्या आत, आमची पोरगी ओढणीनं बांधलेली होती. बाहेरून फक्त लोकरीच्या टोपीचा शेंडा दिसत होता.

"मामी, पिशव्या तरी आत ठेवू द्या," मी म्हणालो.

"मी घेते. पाचवी पुजायची राहिली हाये. तवर गड्यांनी या खोलीत यायचं नाही."

"पोरगी जन्मून किती दिवस झाले, मामी. दवाखान्यात मी रोज..."

"दवाखान्यातलं दवाखान्यात. हे घर हाये."

त्यांनी पिशव्या घेतल्या आणि दार लोटून घेतलं. मी ओट्यावर येऊन बसलो. शेजारी माझे सासरे, लहानूमामा, अंबाडीचा दोर वळत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जरा सरकून जागा दिली आणि पुन्हा दोर वळायला लागले. बोलणारा माणूसच नव्हता तो. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्या तोंडून मी दहा वाक्यंही ऐकली नसतील.

वांजुळवाडी घाटमाथ्याच्या कडेला आहे. डिसेंबरात तिथं सकाळी गवतावर पांढरा थर दिसतो आणि ऊन ओट्यापर्यंत यायला दुपार होते. अशा थंडीत आम्ही ती एवढीशी पोर घेऊन आलो होतो. ती आठव्या महिन्यातच झाली होती. दवाखान्यात तिला पहिल्यांदा काट्यावर ठेवली, तेव्हा मला वाटलं, काटाच बिघडलाय. आधी तिला काचेच्या पेटीत ठेवली. मग जरा दूध पचायला लागल्यावर तिथल्या सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून शिकवलं. लेकराला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालायचा, आपल्या उघड्या छातीवर उभं लावायचं, मान एका बाजूला वळवायची, वरून बांधायचं आणि मग पांघरायचं. जितका वेळ जमेल तितका वेळ.

मी विचारलं होतं, "जाड गोधडीत गुंडाळलं तर नाही चालणार?"

"गोधडी आपण होऊन गरम असते का?" सिस्टर म्हणाली. "गोधडी अंगातली ऊब धरून ठेवते. हिच्या अंगात ऊब तयारच होत नाही अजून. हिला गोधडी नको, माणूस पाहिजे."

मला ते पटलं. तेव्हा मी जेसीबी चालवायचो आणि यंत्र थंड असलं की सुरू व्हायला किती कुरकुर करतं ते मला ठाऊक होतं. सिस्टरनं मला शर्ट काढायला लावला, पोरीला माझ्या छातीवर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून यमुना जेवायला उठली की मी पोरीला घ्यायचो. वॉर्डातल्या बाया पदराआड हसायच्या. मी खुशाल बसायचो.

घरी मात्र मामींचं राज्य होतं. आणि ते उगाच नव्हतं. वाडीतल्या निम्म्या लेकरांना त्यांनी पहिली अंघोळ घातली होती. कुणाचं पोट दुखलं, कुणाला दूध येईना, तर बाया त्यांच्याकडं यायच्या. लेकीसाठी त्यांनी खोली सारवून ठेवली होती, खिडकीच्या फटीला चिंध्या कोंबल्या होत्या, कोपऱ्यात शेगडी पेटवली होती. त्यात माया होती. फक्त मला तिथं जागा नव्हती.

दोन-तीन दिवस मी सकाळी खालच्या तलावावर कामाला जायचो, संध्याकाळी येऊन दाराबाहेरून विचारायचो, "यमुना, पोरगी अंगावर आहे ना?"

"हाये," ती आतून म्हणायची. तिचा आवाज रोज जरा थकलेला वाटायचा. रात्रंदिवस ती एकटीच पोरीला धरून होती.

"मामी, मला तासभर तरी द्या. तिला झोपू द्या."

"मी हाये ना तिला झोपवायला," मामी म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून खोकायच्या. दिवाळीपासून त्यांचा खोकला हटला नव्हता.

मग ती सकाळ आली. मी कामावर निघालो होतो, तेवढ्यात आतून यमुनेचा कण्हण्याचा आवाज आला. तिला हुडहुडी भरली होती. दातांचा आवाज दाराबाहेर ऐकू येत होता.

"काय झालं?"

"ताप भरलाय," मामी म्हणाल्या. "निजू द्या तिला. पोरीला मी घेतलीय."

"छातीशी?"

"गोधडीत घातलीय चांगली. शेगडीपाशी हाये. निजलीय शांत."

शांत निजलीय, हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण दवाखान्यात सिस्टरनं सांगितलेलं आठवलं. एवढं लहान लेकरू गार पडलं की रडत नाही, गप्प होतं. मी तसाच धावत खालच्या आळीला गेलो. मंदाताई म्हणजे या वाडीची आशाताई, घरोघरी बाळंतिणी आणि लेकरं बघणारी. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दोन शब्द बोललो नाही तोच तिनं तवा उतरवला आणि चप्पल पायात सरकवली.

ती थेट आत गेली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. दार उघडंच होतं, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. तिनं आधी यमुनेच्या कपाळाला हात लावला, मग गोधडी उलगडली आणि पोरीची पावलं हातात घेतली.

"मामी, हात लावून बघा."

"थंडीचे दिवस हायेत. पाय गार असायचेच."

"पोटाला लावा हात."

मामींनी हात लावला. झटकन मागं घेतला. मंदाताईनं पोरीच्या तळव्याला बोटानं टिचकी मारली, गालाला हात लावला, वाटीतलं काढून ठेवलेलं दूध चमच्यानं ओठाला लावलं. दूध ओठाच्या कडेनं खाली आलं.

मंदाताईनं तिथूनच फोन लावला. रुग्णवाहिका खालून निघणार होती. अख्खा घाट चढून यायचा होता आणि वर धुकं होतं.

"तवर हिला कुणाच्या तरी अंगाला लावली पाहिजे," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. यमुनेला तर स्वतःचा हात उचलवत नाही."

"दे इकडं," मामी म्हणाल्या आणि पोलक्याची गाठ सोडायला लागल्या. पण वाकल्या आणि खोकल्याची अशी उबळ आली की भिंतीला धरूनच खाली बसल्या.

"तुम्ही नको, मामी. हा खोकला तिला झेपायचा नाही. आणि शिकलेला बाप दारात उभा हाये की." मंदाताईनं माझ्याकडं मान वळवली. "हात धुवा. छाती गरम पाण्यानं पुसून कोरडी करा. या आत."

चुलीवरच्या हंड्यातलं पाणी घेऊन मी तसं केलं. स्वेटर, शर्ट, बनियन सगळं ओट्यावर टाकलं. अंगावर काटा आला. परत आलो तर मामी पुन्हा उंबऱ्यात उभ्या.

"मामी, सरका."

"सटवाई अजून पुजली नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. घाबरल्या होत्या त्या, आता मला कळतं. "काही वाईट झालं तर कोणाचं नाव घेणार? माझंच घेशाल."

"तुमचं नाही घेणार. सरका."

त्या हलल्या नाहीत. मी म्हाताऱ्या बाईला हातानं बाजूला करायच्या बेतात होतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बुधा. दारातून बाजूला हो."

लहानूमामा उठून उभे राहिले होते. मामींना त्यांनी नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. अर्धा वळलेला दोर त्यांच्या पायाशी पडला होता. मामींनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की ही दोघं माझ्याबद्दल बोलतच नाहीत असं मला क्षणभर वाटलं. मग त्या बाजूला झाल्या.

मी आत जाऊन भिंतीला टेकून बसलो. मंदाताईनं पोरीला माझ्या छातीवर ठेवलं, आणि मी दचकलो. सकाळी ओढ्यातला दगड उचलून अंगाला लावावा इतकी ती गार होती. इतकं गार माणसाचं अंग मी त्याआधी एकदाच हाताळलं होतं, माझ्या वडिलांचं. पण ती श्वास घेत होती. बारीक, मध्येच थांबणारा, पण होता.

"मान वळवा तिची. हा अशी. नाक मोकळं राहू द्या. बांधायला काही मऊ आणा, मामी."

मामींनी पेटीतून एक विरलेलं लुगडं काढलं. स्वतःच माझ्यापुढं बसल्या आणि माझ्या पाठीमागून वळसा घेऊन बांधायला लागल्या. जावयाच्या उघड्या अंगाला हात लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसेल.

"घट्ट झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. अजून एक वळसा द्या."

वरून घोंगडं आलं. मग फक्त बसायचं होतं. मंदाताई एकीकडं यमुनेच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती, दुसरीकडं थोड्या थोड्या वेळानं घोंगड्यात हात घालून पोरीची पाठ चाचपत होती. यमुना बाजेवरून माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे तापानं लाल झाले होते.

"हाये का?" तिनं विचारलं.

"आहे."

"बोलत राहा तिच्याशी. तुमचा आवाज तिला ठाऊक हाये."

काय बोलणार? मला अंगाई येत नव्हती. मी तिला जेसीबीबद्दल सांगायला लागलो. तलावातला गाळ कसा काढतात, मोठा दगड लागला की बकेट कसं तिरकं घालायचं, आमचा मालक कसा यंत्राला नारळ फोडल्याशिवाय किल्ली देत नाही. मंदाताई हसली. मामी कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. लहानूमामा उंबऱ्याबाहेर उभे होते. आत येत नव्हते आणि जातही नव्हते.

मला एक सांगितलं पाहिजे. मी घाबरलो नव्हतो. लोकांना वाटतं मी हे नंतर शोभेला सांगतो, पण खरंच नव्हतो. माझं अंग तापलेलं होतं, धावून आलो होतो, छाती भात्यासारखी चालू होती. मला वाटत होतं, ऊबच हवी ना हिला? माझ्याकडं आहे. घे किती हवी तेवढी.

आधी तिचं पोट माझ्या पोटापासून वेगळं लागेनासं झालं. मग हात. पाय शेवटपर्यंत गार राहिले, म्हणून मी दोन्ही पावलं एका मुठीत धरून ठेवली. बऱ्याच वेळानं त्यातलं एक पाऊल मुठीत हललं, कोंबडीच्या पिलासारखं. चुकून वाटलं असेल म्हणून थांबलो. ते पुन्हा हललं.

"मंदाताई, दूध द्या."

या वेळी पोरीनं ओठ मिटले. जीभ हलवली. पहिला चमचा निम्मा सांडला, दुसरा गेला. आणि तिसऱ्या चमच्याच्या वेळी माझ्या पोटावरून काहीतरी गरम खाली ओघळलं. लंगोट भिजून पार माझ्या लेंग्यापर्यंत आलं.

"मुतली," मी म्हणालो.

मंदाताई मटकन खाली बसली. "मुतू द्या. आता मुतू द्या तिला."

मामी उठल्या. मला वाटलं, कोरडं फडकं आणायला चालल्यात. पण त्या परसदारी गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

रुग्णवाहिका आली तेव्हा धुकं विरत आलं होतं. यमुनेला स्ट्रेचरवर घातलं. मी पोरीला तसाच बांधून, घोंगडं पांघरून, उघड्या अंगानं गाडीत बसलो. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कोण, तुम्ही का?" खाली दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी यमुनेचे टाके पाहिले. एका बाजूला पू झाला होता. त्यावर उपचार सुरू झाले. पोरीला त्यांनी तपासलं, काखेत थर्मामीटर लावला आणि म्हणाले, "ठेवा तशीच. छान गरम आहे."

आम्ही परत आलो तेव्हा मामी भाकरतुकडा घेऊन दारात होत्या. तिघांवरून ओवाळला, लांब टाकला, मग मला म्हणाल्या, "या आत."

खोली बदलली होती. खिडकीतल्या चिंध्या काढून तिथं जाड पडदा लावला होता. शेगडी दिसत नव्हती. बाजेशेजारी पाठ टेकायला गोण्यांचा लोड करून ठेवला होता, आणि तो बाईमाणसाच्या नव्हे, माझ्या उंचीच्या मानानं केला होता. त्याच दिवशी दुपारी त्यांनी पाचवी पुजली, आणि पूजा चालू असताना मी पोरीला छातीवर घेऊन तिथंच बसलो होतो.

पुढचे दिवस वाडीला करमणूक झाली. लोक काही ना काही निमित्तानं डोकावायचे. "काय सोपान, दूध येतंय का?" असं एकानं विचारलं. मी म्हणालो, "दूध बायकोचं, भट्टी माझी." मामींनी त्याला चहा न देता वाटेला लावला. यमुना आता रात्री नीट झोपायची, तिचा रंग परतला होता. दिवसा ती आणि मी पाळीनं पोरीला घ्यायचो. पोरीच्या गालाला जरा मांस धरलं होतं.

एके दिवशी तलावावरून निरोप आला. माझ्या जागी आलेल्या पोरानं यंत्र चिखलात रुतवलं होतं, मलाच जावं लागणार होतं. यमुना न्हाणीत होती, मामींचा खोकला अजून चालूच होता. मी पोरीला घेऊन ओट्यावर उन्हात बसलो होतो आणि विचार करत होतो की आता हिला कोणाकडं द्यायचं.

लहानूमामा समोर येऊन उभे राहिले. त्यांनी अंघोळ केली होती. केस ओले होते. धोतर धुतलेलं होतं आणि अंगात पैरण नव्हती. थंडीनं अंग आखडलं होतं, फासळ्या दिसत होत्या.

"मला देता का?" ते म्हणाले. "कसं धरायचं ते सांगा. मला कधी धरू दिलं नाही."

मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. पोरीला सोडवून त्यांच्या छातीवर ठेवलं, मान वळवली, लुगडं बांधलं. त्यांनी दोन्ही हात अधांतरी धरले होते, कुठं ठेवायचे ते कळेना. मी एक हात पोरीच्या पाठीवर ठेवला, एक बुडाखाली. ते हलायलाही भीत होते.

मामी भाजी निवडत आतून बाहेर आल्या. पाहिलं आणि दारातच खाली बसल्या. सूप कलंडलं, मेथीची पानं ओट्यावर पसरली. त्यांनी ती गोळा केली नाहीत.

"मामी, काय झालं?"

"यमुनेच्या आधी आम्हाला एक झाली होती," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. "अशीच. आठव्यातली. हेच थंडीचे दिवस. मी तापानं पडलेली. माझ्या सासूनं तिला गोधडीत घातली, शेगडीपाशी ठेवली. हे बाहेर होते. म्हणाले, मला द्या, मी पोटाशी धरतो. सासू म्हणाली, गड्यानं कुठं लेकरू धरायचं असतं का, आणि दार लावून घेतलं."

लहानूमामा पोरीच्या टोपीकडं बघत होते.

"ती शांत निजली होती," मामी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, निजली."

मी मेथीची पानं गोळा करून सुपात टाकायला लागलो.

"सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं, असं मी म्हणत आले. तसं म्हटलं की राहता येतं. मग त्या दिवशी ही तुमच्या अंगावर मुतली." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आता मी काय म्हणू?"

"बुधा, राहू दे," लहानूमामा म्हणाले.

"राहू दे कसं? तिचं नाव पण ठेवलं नाही आपण. बारशापर्यंत कुठं राहिली ती."

मामांचा हात आता पोरीच्या पाठीवर नीट बसला होता.

"मी ठेवलं होतं," ते म्हणाले.

मामींनी मान वर केली. "कधी?"

"दाराबाहेर बसलो होतो तवा. दार उघडलं की सांगीन म्हटलं होतं."

"मला कधी बोलला नाहीत."

"दार उघडलं तवा काय बोलायचं राहिलं होतं?"

यमुना ओले केस फडक्यात गुंडाळून आमच्या मागं येऊन उभी राहिली होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. तिनंच विचारलं, "बाबा, काय नाव ठेवलं होतं?"

"सारजा," ते म्हणाले.

मामींनी ते एकदा हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं. मग उठल्या, खांद्यावरचं धाबळं काढलं आणि मामांच्या उघड्या खांद्यांवरून पोरीसकट दोघांनाही पांघरून दिलं. मी तलावावर गेलो. यंत्र काढून संध्याकाळी परतलो, तर यमुना म्हणाली, दूध पाजण्यापुरती दिली, बाकी दिवसभर बाबांनी तिला कुणाच्या हातात दिली नाही.

बारशाला माझ्या बहिणीनं पाळण्यात वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं. आता ती पोरगी संगमनेरला कॉलेजात आहे, कबड्डीच्या संघात आहे, माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. वर्गात तिच्याएवढं जुनं नाव दुसऱ्या कुणाचं नाही. मैत्रिणी हसतात, तीही हसते. पण कुणी खरंच विचारलं, की हे नाव कुठून आलं, तर ती सांगते, "माझ्या मावशीचं आहे."